मॉरिशसचा शनिवार-रविवार: आधी वारा बघा, मग किनारा ठरवा

मुंबईहून आलेलं विमान मॉरिशसच्या आग्नेय कोपऱ्यात, प्लेझान्सच्या विमानतळावर उतरतं. बेटाची ही वाऱ्याकडची बाजू. त्यामुळे पुष्कळदा बाहेर पाऊल टाकताच आभाळ भरलेलं असतं, अंगावर भुरभुर येते आणि पाहुण्यांचे चेहरे तिथेच पडतात. गाडी पठारावर चढते, क्यूरपीपच्या आसपास वायपर चालू करावे लागतात, आणि पश्चिमेला उतरून फ्लिक आं फ्लाकला पोचेपर्यंत लख्ख ऊन! रस्ता कोरडा, अंगणात कपडे वाळत पडलेले. हा सगळा खेळ तासाभराच्या प्रवासातला.

बेट उत्तर-दक्षिण साधारण ६५ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम ४५ किलोमीटर एवढंच. मी क्वात्र बोर्नला राहते, म्हणजे पठाराच्या पश्चिम उतारावर. माहेर राजापूरचं, तेव्हा पाऊस मला नवा नाही. पण इथला पाऊस वेगळ्या रीतीने वाचावा लागतो, आणि ती रीत एकदा कळली की इथला शनिवार-रविवार सहसा वाया जात नाही. भारतातून येणारे नातेवाईक, त्यांचे मित्र, मित्रांचे जावई सगळे फोनवर एकच विचारतात, 'या वीकेंडला मॉरिशसला पाऊस आहे का हो?' मी म्हणते, असं विचारू नका. कुठल्या बाजूला आहे, ते विचारा.

वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू

वर्षातला बहुतेक काळ इथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. समुद्रावरची ओल घेऊन ते पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर येतात, पठारावर चढताना थंड होतात, तिथे पाऊस टाकतात आणि पश्चिमेला उतरताना कोरडे होतात. महाबळेश्वर आणि वाई ज्याने एका दिवसात पाहिलंय त्याला हे वेगळं समजावायला नको. फरक दिशेचा. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणून ओली बाजू पश्चिमेची. इथे उलटं. कोकणातल्या माणसाच्या मनात पश्चिम किनारा म्हणजे धो धो पाऊस हे पक्कं बसलेलं असतं, ते विमानात बसण्याआधीच काढून टाकायचं.

आकडे बघा, म्हणजे हा फरक केवढा आहे ते कळेल. पूर्व किनाऱ्यावर वर्षाला सरासरी १५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मधल्या पठारावर ४००० पर्यंत, आणि पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम ९००. क्यूरपीप साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथून फ्लिक आं फ्लाकचा किनारा गाडीने पाऊण तासाच्या आत येतो आणि तेवढ्यात तुम्ही दुसऱ्याच हवामानात असता.

उत्तरेचं थोडं निराळं आहे. ग्रां बे, पेरेबेर, काप मालेरो हा भाग सपाट. ढगाला अडवायला डोंगर नाही, त्यामुळे सर येते आणि पुढे निघून जाते. ग्रां बेची खाडी वायव्येला तोंड करून असल्याने आग्नेय वाऱ्यापासून तिला आडोसा मिळतो. मात्र उत्तरेचा पूर्वेकडचा किनारा, रोश न्वार, पोस्त लाफायेत वगैरे, तिथे हाच वारा थेट तोंडावर येतो.

फोनमधल्या एका चित्रावर बेत मोडू नका

फोनवर 'मॉरिशस' टाकलं की ढग आणि थेंबांचं चित्र येतं. शनिवारी थेंब, रविवारी थेंब, सोमवारी पण थेंब. आठवडाभर आधी ते बघून बुकिंग रद्द करणारी माणसं मला माहीत आहेत आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याच दिवशी पश्चिमेला लोक सुरूच्या सावलीत डबे उघडून बसलेले असतात. अख्ख्या दिवसाला आणि अख्ख्या बेटाला मिळून एकच चित्र दिलं, तर त्यात पठारावरची पहाटेची दहा मिनिटांची सर सुद्धा 'पावसाचा दिवस' होऊन बसते.

अॅप वापरायचंच असेल तर देशाचं नाव टाकू नका, गावाचं टाका, आणि किमान चार गावं बघा: पूर्वेला बेल मार, पठारावर क्यूरपीप, पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक, उत्तरेला ग्रां बे. पावसाच्या टक्केवारीपेक्षा वाऱ्याची दिशा आणि वेग आधी वाचा. दिशा 'कुठून येतो' ती दिलेली असते, हे ध्यानात ठेवा.

पण खरा भरवसा ठेवावा तो इथल्या हवामान खात्याच्या बुलेटिनवर. खात्याचं मुख्यालय वाक्वाला आहे, आणि क्यूरपीपच्या त्रू ओ सेर्फ या जुन्या ज्वालामुखीच्या काठावर जपानच्या मदतीने उभारलेलं डॉप्लर रडार आहे. बुलेटिन सकाळ-संध्याकाळ येतं, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये, आणि ते विभागवार बोलतं. हीच त्याची खरी किंमत. गुरुवारी नुसती नजर टाकायची, बेत ठरवायचा शुक्रवारी संध्याकाळी, आणि शनिवारी पहाटेचं बुलेटिन वाचून बाजू पक्की करायची.

ऑगस्टमधलं एक बुलेटिन, ओळीओळीने

हिवाळ्यातलं, म्हणजे जून ते सप्टेंबरमधलं बुलेटिन साधारण एकाच साच्याचं असतं. समजा शुक्रवारी असं आलं: बेटाच्या दक्षिणेला अँटिसायक्लोन. पूर्व, दक्षिण आणि 'हाय ग्राउंड्स'वर ढगाळ, 'पासिंग शॉवर्स'. 'एल्सव्हेअर' बहुतांशी स्वच्छ. वारा आग्नेयेचा, ताशी २५ ते ३० किलोमीटर, उघड्या जागी ६० ते ७० चे झोत. रीफपलीकडे, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीपलीकडे, समुद्र खवळलेला, लाटा अडीच-तीन मीटर.

आता हे वाचायचं कसं? दक्षिणेला अँटिसायक्लोन, म्हणजे जास्त दाबाचा पट्टा, म्हटलं की आग्नेय वारा जोरात राहणार आणि हे दोन दिवस हवा फारशी बदलणार नाही. 'हाय ग्राउंड्स' म्हणजे क्यूरपीप, वाक्वा, गंगा तलाव, शामारेलच्या वरची रानं. 'पासिंग शॉवर्स' म्हणजे येऊन जाणाऱ्या सरी. पाच-दहा मिनिटं भिजवतात, मग ऊन. त्या बघून बेत रद्द करायचा नाही, छत्री मात्र काखेत हवी. 'स्कॅटर्ड शॉवर्स' म्हणजे विखुरलेल्या, इथे आहे तर तिथे नाही अशा. आणि नुसतं 'रेन' असा शब्द आला, सोबत 'मॉडरेट' किंवा 'हेवी' असेल, तर तो पाऊस धरून पडणारा. त्या दिवशी घरात बसून भजी तळलेली बरी.

सगळ्यात मोलाचा शब्द 'एल्सव्हेअर'. माणसं पहिली ओळ वाचून कपाळाला हात लावतात आणि तिथेच थांबतात. पण तुमचा शनिवार त्या 'इतरत्र'मध्ये असतो: पश्चिम आणि उत्तर.

मग वरच्या बुलेटिनवर मी काय बेत करीन? शनिवारी सकाळी पश्चिम. तामारँच्या खाडीत डॉल्फिन बघायला होड्या पहाटेच निघतात, आणि वारा आग्नेयेचा असेल तर डोंगरांच्या आडोशाने तिथलं पाणी सकाळी सहसा शांत असतं. दुपारी फ्लिक आं फ्लाक किंवा आल्बियाँ. सूर्यास्त पश्चिमेलाच बघायचा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो पावणेसहा ते सहाच्या दरम्यान होतो, म्हणून 'सहाला निघू' म्हणणाऱ्यांना तो चुकतो. ल मॉर्नला मात्र या वाऱ्यात लहान मुलांना पोहायला नेऊ नका. नकाशात तो पश्चिमेला दिसतो खरा, पण नैऋत्य टोकावर ५५६ मीटरच्या त्या कड्याला वळसा घालून वारा जोरात येतो. पतंगाला बांधून लाटांवर धावणारे काइटसर्फर हिवाळ्यात तिथे गर्दी करतात, ते उगीच नाही.

रविवार उत्तरेला. पांप्लेमूसची बाग, तिथली थाळ्याएवढी कमळपानं, मग ग्रां बे किंवा पेरेबेर. इल ओ सेर्फ या छोट्या बेटाचा बेत असेल तर तो असल्या हवेत पुढे ढकला. ते पूर्वेच्या खाजणात, म्हणजे किनारा आणि रीफ यांच्यामधल्या उथळ पाण्यात आहे. रीफमुळे मोठ्या लाटा आत येत नाहीत, पण वाऱ्याने पाणी चुरचुरत राहतं, आणि त्रू दो दूसहून स्पीडबोटीत बसलेली माणसं पोचेपर्यंत ओलीचिंब होतात. उरलेला दिवस मग त्या वाऱ्यात कुडकुडत काढायचा.

गंगा तलावला जायचं असेल तर कुठल्याही दिवशी जा, पण सकाळी लवकर, आणि जाकीट घेऊन. बुलेटिनमध्ये तापमानाचे दोन पट्टे देतात, एक उंचावरचा आणि एक किनाऱ्याचा. हिवाळ्यात किनाऱ्यावर २५-२६ अंश असताना तिथे वर २० सुद्धा नसतं, आणि वाऱ्यामुळे आणखी गार लागतं. 'उष्ण कटिबंधातलं बेट' म्हणून फक्त सुती कपडे आणलेली आजी-आजोबा मंडळी त्या तलावाकाठी काकडताना दिसतात.

वाऱ्याची दिशा बदलली की हा सगळा नकाशा फिरतो, आणि अॅपमधलं थेंबाचं चित्र ते तुम्हाला सांगत नाही. हिवाळ्यात वारा मंद होऊन ईशान्य किंवा उत्तरेचा झाला, हवा एकदम उबदार वाटली, तर बहुधा दक्षिणेकडून थंड हवेचा पट्टा येत असतो. अशा दिवशी पूर्व आणि दक्षिण किनारा सुंदर शांत असतो. माहेबूर, ब्लू बे, इल ओ सेर्फ तेव्हाच उरकून घ्या. पट्टा पुढे सरकला की आग्नेय वारा पुन्हा जोर धरतो आणि सरी घेऊन येतो.

उन्हाळ्यात हिशेब उलटा

नोव्हेंबर ते एप्रिल इथला उन्हाळा आणि वर्षातला दोन तृतीयांश पाऊस या काळात पडतो. फेब्रुवारी-मार्च सर्वांत ओले. डिसेंबर-जानेवारीत हनिमूनला येणाऱ्या जोडप्यांना मी हे आवर्जून सांगते: पश्चिम कोरडी, पूर्व ओली हा हिवाळ्याचा नियम उन्हाळ्यात आंधळेपणाने लावायचा नाही.

उन्हाळ्यात व्यापारी वारा कित्येक दिवस पडलेला असतो. मग सकाळी आभाळ निळंशार, जमीन तापते, अकराच्या पुढे चहूबाजूंनी समुद्रावरचा वारा आत यायला लागतो. तो पठारावर आणि पश्चिमेच्या डोंगरांवर एकमेकाला भिडतो, ढग उंच चढतात, आणि दोन-तीनच्या सुमाराला पठारावर आणि पश्चिमेला गडगडाटासह जोरदार पाऊस. पूर्व किनाऱ्यावर त्याच वेळी ऊन! बुलेटिनमध्ये हे 'लाइट विंड', 'सी ब्रीझ' आणि 'आफ्टरनून शॉवर्स मेनली ओव्हर सेंट्रल प्लॅटो अँड टू द वेस्ट' अशा शब्दांत येतं. हे तीन शब्दप्रयोग एकत्र दिसले की सकाळ कुठेही घालवा, दुपार पूर्वेला. बेल मार, पाल्मार, त्रू दो दूस. शामारेल आणि ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या पायवाटा दुपारी बाराच्या आत संपवायच्या, कारण तिथली लाल माती ओली झाली की पाय ठरत नाही.

हे बुलेटिनशिवायही ओळखता येतं. आमच्या घराचं छप्पर सपाट स्लॅबचं, इथल्या बहुतेक घरांसारखं. सकाळी कपडे वाळत घालायला वर गेलं की समोर कोर द गार्दचा डोंगर दिसतो. आधी डोंगराकडे नाही, खालच्या ढगांकडे बघायचं. ते क्यूरपीपकडून समुद्राकडे सरसर पळत असतील तर व्यापारी वारा चालू आहे. आमच्याकडे उन्हातच बारीक तुषार येतील, कपडे अर्धवट वाळतील, आणि खाली फ्लिक आं फ्लाकला काही नसेल. पण खालचे ढग जागचे हलत नाहीत, साडेदहा-अकरालाच डोंगरामागे पांढरे ढीग फुलकोबीसारखे वर चढायला लागलेत आणि पानही हलत नाही, असं असेल तर दोनच्या आत कपडे काढायचे. शेजारच्या आजी मूळच्या कॅस्कावेलच्या, त्यांचे पूर्वज आपल्याच कोकणातून आलेले. त्या हे बघून सकाळीच पापड उचलून आत ठेवतात, आणि त्यांचा अंदाज फार क्वचित चुकतो.

उन्हाळ्यात वारा उत्तर किंवा वायव्येचा झाला, तर मात्र जपून. जवळपास कमी दाबाचा पट्टा असण्याची शक्यता असते, उकाडा वाढतो, आणि एरवी कोरडी राहणारी उत्तर आणि पश्चिम बाजू भिजते.

समुद्राची ओळ वेगळी वाचा

आकाश निळं म्हणजे समुद्र शांत, असं इथे नाही. बुलेटिनमध्ये समुद्राची वेगळी ओळ असते आणि होडीत बसणाऱ्याने तीच आधी वाचावी. 'बियॉन्ड द रीफ्स' म्हणजे प्रवाळाच्या भिंतीपलीकडे. आतल्या खाजणात कमरेएवढं पाणी निवांत असताना बाहेर तीन मीटरच्या लाटा असू शकतात. उत्तरेकडच्या कुआँ द मीर, इल प्लात या बेटांना जाणारी कॅटामरान भिंतीबाहेरून जाते. अडीच मीटरच्या वर लाटा लिहिल्या असतील आणि घरात कुणाला होडी लागत असेल, तर पैसे भरण्याआधी विचार करा.

हिवाळ्यात फार दूर, दक्षिण महासागरातल्या वादळांमुळे मोठ्या लाटा येतात. त्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर येतात, वारा अजिबात नसताना सुद्धा. 'हाय वेव्ह्ज' किंवा 'हेवी स्वेल्स'चा इशारा असेल त्या दिवशी खडकांवर फोटो काढायला उभं राहायचं नाही. सुयाकजवळच्या ग्री ग्रीला तर प्रवाळाची भिंतच नाही. लाट थेट कड्यावर फुटते. बघायला अप्रतिम जागा, पण पाण्यात उतरायची नाही, कुठल्याच ऋतूत. भिंतीला जिथे खिंड असते तिथे पाणी बाहेर ओढतं, म्हणून नव्या किनाऱ्यावर आधी तिथल्या कोळ्याला किंवा होडीवाल्याला विचारा. इथली माणसं मनापासून सांगतात.

जेव्हा बाजू बदलून भागत नाही

दोन गोष्टींपुढे पूर्व-पश्चिमेचा हिशेब चालत नाही. पहिली चक्रीवादळ. इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. ताशी १२० किलोमीटरचे झोत बेटावर येण्याची शक्यता असेल तर त्याच्या साधारण ३६ ते ४८ तास आधी पहिला वर्ग लागतो. दुसरा लागतो तेव्हा दिवसाउजेडाचे बारा तास हातात असावेत आणि तिसऱ्याला सहा, असा हिशेब असतो. चौथा म्हणजे तसे झोत सुरू झाले. पहिल्या वर्गालाच पाणी भरा, फोन-टॉर्च चार्ज करा, खाण्याचं आणून ठेवा आणि परतीच्या विमानाची चौकशी करा. तिसऱ्या वर्गात घर किंवा हॉटेल सोडायचं नाही. वारा मध्येच एकदम थांबला तरीही नाही, कारण तो वादळाचा डोळा असू शकतो आणि पुढचा वारा उलट दिशेने येतो.

दुसरी गोष्ट मुसळधार पाऊस, आणि ही जास्त फसवी. वादळाचे वर्ग वाऱ्यावर ठरतात, पावसावर नाही. १५ जानेवारी २०२४ ला बेलाल वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. ३० मार्च २०१३ ला तर वादळही नव्हतं. शनिवार होता, आणि थोड्या वेळात झालेल्या पावसाने राजधानीत ११ माणसं गेली. पोर्ट लुई डोंगराच्या कुशीत आहे, वरचं सगळं पाणी शहरातून समुद्राकडे धावतं. 'हेवी रेन' किंवा 'टोरेंशियल रेन'चा इशारा असताना बाजारात फिरायला, अलुदा प्यायला तिकडे जाऊ नका, आणि भुयारी रस्त्यात किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये तर पायच ठेवू नका.

सुट्टीच्या तारखा हातात असतील तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची सुरुवात निवडा. ऑक्टोबर वर्षातला सर्वांत कोरडा महिना, वारा मंदावलेला, पाणी कोमट होऊ लागलेलं. मे महिनाही छान, आणि आपल्याकडे तेव्हा शाळांना सुट्टी असते.

आणि गणपतीला येणार असाल तर एक सांगते. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, कॅस्कावेलला आणि इतरत्रही विसर्जनाच्या मिरवणुका निघतात. पण कोकणातल्यासारखा भाद्रपदातला पाऊस मनात धरून येऊ नका. इथे तो हिवाळ्याचा शेवट असतो, पश्चिम किनारा कोरडा आणि समुद्राचं पाणी २३ अंशांच्या आसपास. मुलं विसर्जनाला पाण्यात उतरणारच. बाहेर आल्यावर वारा लागतो, तेव्हा गाडीत कोरडा पंचा आणि स्वेटर ठेवा, आणि पठारावरून परतायचं असेल तर ओल्या कपड्यांनी मुलांना बसवू नका. क्यूरपीपला बहुतेक भुरभुर लागेलच.